शेजारणीचे दार
(वस्तीतील बायकांपुढे दिलेले भाषण)



शेजारच्या खोलीत नवरा बायकोला मारतो. आवाज साऱ्या चाळीला ऐकू येतो. अशा वेळी आपण काय करतो? टीव्हीचा आवाज वाढवतो. दार लोटून घेतो. म्हणतो, "नवरा-बायकोचं भांडण. आपण कशाला मधे पडायचं?"

लालबाग-परळच्या चाळींत कुणाचे मूल आजारी पडले, तर आपण रात्री केईएमला धावतो. मयत झाली, तर सारी चाळ गोळा होते. मग मार खाणाऱ्या बाईचेच दुःख तेवढे खाजगी कसे?

एकटी बाई खचते; चौघी मिळाल्या की उभ्या राहतात. हे आपल्या गिरणगावानेच दाखवले आहे. घरी खाणावळ चालवून गिरणी-कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात बुडाल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. जिच्याजवळ चार पैसे आणि चार मैत्रिणी आहेत, तिला "जाशील कुठं?" असे दरडावणे सोपे नसते.

दलित आणि आदिवासी बाईला तर दुहेरी जाच. घरात नवऱ्याचा, बाहेर जातीचा. तिची तक्रार लवकर कुणी खरी मानत नाही. १९७२ साली, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजला, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. तेव्हा मुंबईत आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली सरकारला कायदा बदलावा लागला. पुढे १९८९ साली दलित-आदिवासींवरील अत्याचार रोखणारा वेगळा कायदा झाला. बाहेरच्या जातीच्या माणसाने अत्याचार केला असेल, तर तक्रार देताना आपली जात जरूर सांगावी, म्हणजे तो कायदा लागतो.

बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत राहिलेले. १९४२ साली नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. त्याच मापाने आपली चाळ मोजून पाहा.

आता कायद्याचे चार शब्द. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला. मारणे तर गुन्हा आहेच. पण घाणेरड्या शिव्या देणे, घरखर्चाचे पैसे अडकवणे, हीसुद्धा हिंसाच, असे हा कायदा म्हणतो. खोली नवऱ्याच्या नावावर असली, तरी बायकोला मनाला येईल तेव्हा हुसकून देता येत नाही. बाईला सरकारकडून वकील मोफत मिळतो. आणि शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचे म्हणजे, संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही खबर देऊ शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तेव्हा "आपल्यावरच बालंट येईल" ही भीती सोडा.

पोलिसांकडे एकटीने जायला बाई बिचकते. म्हणून १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे समाजसेविका बाईचे म्हणणे ऐकून घेतात. पुढे महाराष्ट्रभर असे कक्ष निघाले.

मग आपण काय करावे? ओरडा ऐकू आला, की दार वाजवा. एकटीने नको, दोघी-चौघींनी जा. "साखर आहे का गं?" एवढे विचारले तरी उगारलेला हात थांबू शकतो. जिवावर बेतत असेल, तर ११२ नंबर फिरवा. जखम झाली असेल, तर दवाखान्यात सोबत जा. कशाने झाली ते तिला डॉक्टरला खरे सांगू द्या, कागद जपून ठेवा. तिचे रेशनकार्ड, आधारकार्ड, दोन कपडे आपल्या घरी ठेवून घ्या.

"मुलांकडे बघ, सोसून घे" असे म्हणू नका. "सोडून दे त्याला" असाही हुकूम करू नका. काय करायचे ते तिने ठरवायचे. आपण पाठीशी राहायचे. ती आज परत गेली, तरी रागावू नका. उद्या ती पुन्हा येईल, तेव्हा दार उघडे असले पाहिजे. आणि तिची गोष्ट नळावर बोलू नका.

भावांनो, तुम्हीही ऐका. मारणारा तुमचाच मित्र असतो. तो शुद्धीवर असताना त्याला नाक्यावर बाजूला घ्या आणि सांगा, "हे आम्हांला चालणार नाही."

मायबहिणींनो, कायदा चांगला आहे, पण तो कोर्टात असतो. शेजारीण भिंतीपलीकडे असते.