मनाचा आजार आणि आपला फॅमिली डॉक्टर
(शाखेच्या सभेत सचिवांनी केलेले भाषण)



बोनस, बदल्या, रिकाम्या जागा यांवर आपण प्रत्येक सभेत बोलतो. आजचा विषय आपल्या मागणीपत्रात सहसा नसतो. पण मेल घेऊन निघणाऱ्या ड्रायव्हरपासून आरएमएसमध्ये रात्रभर सॉर्टिंग करणाऱ्या भावापर्यंत अनेकांच्या घरात तो आहे. विषय आहे मनाच्या आजाराचा.

आपले काम पाहा. झोपेची वेळ आठवड्यात दोन-तीनदा बदलते. गाडीपुढे माणूस येतो, ब्रेक मारूनही गाडी जागेवर थांबत नाही, आणि ड्रायव्हरला ते उघड्या डोळ्यांनी पाहावे लागते. पोस्टमनच्या डोक्यावर वाटपाबरोबर खात्यांचे आणि विम्याचे टार्गेट असते. मग कोणाची झोप उडते, कोणाची छाती धडधडते, कोणी बाटली जवळ करतो. आणि आपण काय म्हणतो? "त्याचे डोके फिरले."

माणूस उपचाराला जात नाही, कारण त्याला दोन भीती असतात. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला म्हणून लोक बोलतील, ही एक. कॅटेगरी जाईल, नोकरी जाईल, ही दुसरी.

पहिल्या भीतीवर उपाय सोपा आहे. आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा. ताप-खोकल्यासाठी आपण तिथे जातोच, त्यामुळे का गेलास म्हणून कोणी विचारत नाही. पण तिथे नुसती "ॲसिडिटी आहे, डोके दुखते" एवढीच तक्रार सांगून परत येऊ नका. झोप किती दिवसांपासून नाही, भूक कशी आहे, दारू किती होते, कामावर काय घडले, जगणे नको असे वाटते का, हे सगळे सांगा. एकट्याला जमत नसेल तर घरच्या माणसाला सोबत न्या. डॉक्टर रक्त तपासायला सांगतील, कारण थायरॉइडच्या दोषाने किंवा रक्त कमी झाल्यानेही माणूस असा गळून जातो. गरज वाटली तर ते मानसोपचार तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी देतील. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका, आणि बरे वाटले तरी आपल्या मनाने बंद करू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. काही गोळ्यांनी गुंगी येते. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन यांनी आपले काम काय आहे हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. रेल्वेच्या डॉक्टरांनाही गोळीची माहिती द्या आणि ते सांगतील तर सिकमध्ये राहा. गोळी लपवून ड्यूटीवर चढायचे नाही. मागे शेकडो प्रवासी असतात.

आता दुसरी भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गंभीर मानसिक आजाराचाही समावेश आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कामगाराला काढता येत नाही, त्याचा दर्जाही खाली आणता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरी जागा द्यावी लागते. हे कलम २० आहे. कोणी दमदाटी केली तर कागद घेऊन युनियनच्या ऑफिसात या.

रात्री-अपरात्री मन फार बिघडले तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. २०२२ पासून ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या भावांनी हा नंबर जवळ ठेवावा. कोणी जीव देण्याची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

शाखेच्या पदाधिकाऱ्यांना माझे सांगणे आहे. गाडीखाली माणूस आलेल्या ड्रायव्हरची विचारपूस चौकशीचा कागद येण्याआधी आपण केली पाहिजे. तो गप्प असेल तर "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ" म्हणा आणि बरोबर जा. पगारासाठी आपण एकमेकांच्या मागे उभे राहतो, तसेच इथेही उभे राहू.

कामगार एकजुटीचा विजय असो!