ऑफिसात बसून बर्फ कसा मोजता?



मंडळात भेटणारे बरेच जण मला हेच विचारतात. ध्रुवाजवळ हिवाळ्यात काळोख, एरवी ढग. तिथे साधा कॅमेरा काय करणार? म्हणून आम्ही उपग्रहावरून सूक्ष्मलहरी टिपतो. समुद्राच्या पाण्यापेक्षा बर्फातून त्या जास्त बाहेर पडतात, आणि ढग त्यांना फारसे अडवत नाहीत. १९७८ पासूनची नोंद अशीच जमली आहे.

नकाशाचे साधारण २५ किलोमीटरचे चौकोन पाडायचे. चौकोनात निदान १५ टक्के बर्फ असला, की अख्खा चौकोन बर्फाचा! त्यांची बेरीज म्हणजे व्याप्ती. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकची व्याप्ती सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरली, ती याच हिशेबाने. प्रत्यक्ष बर्फ त्याहून कमीच होता. शिवाय तिथे उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपकरणाला तीही उघडा समुद्रच वाटतात.

तरी माझ्या मते ही पद्धत सोडू नये. इतक्या वर्षांची तुलना तिच्यामुळेच करता येते. मात्र अंटार्क्टिकात आपल्या ‘भारती’ केंद्राकडे सामान नेणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला हा आकडा देऊन भागत नाही. त्याला बर्फातली वाट हवी असते, आणि ती २५ किलोमीटरच्या चौकोनात दिसत नाही. त्यासाठी रडारची बारीक चित्रेच लागतात.