‘पान’ शब्दाचें गोत्र



आज जो शब्द मी आपणांपुढें ठेवणार आहें, तो आपल्या घरांत दिवसांतून निदान पांचदहा वेळां तरी उच्चारला जात असेल. जेवणाची वेळ झाली कीं पानें मांडलीं जातात. जेवण आटोपलें कीं कोणी पान लावावयास बसतो. दुपारीं कोणी पुस्तकाचें पान उलटीत पडतो. शब्द एकच, आणि तोहि दोन अक्षरांचा. परंतु ह्या दोन अक्षरांपायीं माझ्या हातून एका मुलावर अन्याय झालेला आहे, आणि विषय निवडतांना तीच गोष्ट मनांत होती.

मी कोंकणांतील एका शाळेंत शिक्षक होतों. स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलेला नाहीं. जें कांहीं शिकलों तें शिकवतां शिकवतां. एकदां सहामाही परीक्षेंत ‘पान’ ह्या शब्दाचे ठाऊक असतील तितके अर्थ लिहा, असा प्रश्न मीं घातला. एका मुलानें झाडाचें पान, विड्याचें पान, पुस्तकाचें पान असें सर्व नीट लिहून शेवटीं लिहिलें, ‘पान म्हणजे पाव.’ मीं त्यावर तांबड्या शाईची फुली मारली. इतकेंच करून थांबलों असतों तर बरें होतें. पण मीं तें उत्तर वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें. मुलें पोट धरधरून हंसलीं. तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, माझे बाबा जहाजावर असतात. ते सांगतात, जपानांत पावाला पान म्हणतात.” मीं त्याला खालीं बसण्यास सांगितलें.

आतां आपल्या घरच्या पानाकडे वळूं. मूळ संस्कृत शब्द पर्ण. प्राकृतांत त्याचें पण्ण झालें, आणि मराठींत येतां येतां जोडाक्षर सुटें होऊन त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबला. कर्णाचा कण्ण होऊन कान झाला, हस्ताचा हत्थ होऊन हात झाला, सप्ताचें सत्त होऊन सात झालें, त्याच वाटेनें पर्णाचें पान झालें. केळीच्या पानावर जेवण वाढीत, म्हणून जेवणाचें ताटहि पानच झालें. आज स्टीलचें ताट असलें तरी गृहिणी “पान वाढलें आहे” असेंच म्हणते. ग्रंथ ताडपत्रावर लिहीत, म्हणून पुस्तकालाहि पानें फुटलीं. इंग्रजाचा ‘लीफ’ हा शब्द झाड आणि पुस्तक ह्या दोहोंनाहि लागतो, आणि लॅटिन ‘फोलियम’ म्हणजे पान, त्यावरून ग्रंथाचा ‘फोलिओ’ झाला. शब्द निराळे, पण मनुष्याचें मन सारख्याच वाटेनें चालतें तें असें. हिंदींत मात्र ह्या शब्दाचा संसार फार आटोपशीर आहे. तेथें पान म्हटलें कीं बहुधा विड्याचेंच. झाडाचा तो पत्ता. एखाद्या उत्तरेकडील पाहुण्याला आपण “चला, पान वाढलें आहे” असें म्हणालों, तर जेवणाआधींच विडा कसा, असें त्यास वाटावयाचें! इंग्रजींत विड्याच्या पानास ‘बीटल’ म्हणतात. तो शब्द मल्याळी ‘वेत्तिल’वरून पोर्तुगीजांनीं उचलला व तेथून पुढें गेला.

ह्याच घरांत दुसरें एक पान राहतें, आणि त्याचा पहिल्याशीं कांहींएक संबंध नाहीं. मद्यपान, स्तनपान, धूम्रपान ह्यांतलें तें पान. तें ‘पा’ म्हणजे पिणें ह्या धातूपासून निघालें. आपलें पाणी, हिंदींतील पानी हें ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगें. आणि चैत्रांतलें आपलें पन्हें हें ‘पानक’. रशियन लोक पिण्यास ‘पीत्य’ आणि बीअरला ‘पीवो’ म्हणतात. तींहि ह्याच कुळांतलीं, आणि येथें नातें खरोखर रक्ताचें आहे.

आतां त्या मुलाच्या पानाकडे येतों. पोर्तुगीजांनीं गोवें १५१० सालीं घेतलें. जपानच्या किनाऱ्यास ते १५४३ मध्यें लागले. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी. स्पॅनिशांत त्याचें ‘पान’ राहिलें; पोर्तुगीजांनीं त्यांतला शेवटचा न नाकांत विरवून टाकला, आणि आपल्या कानांस तो उच्चार ‘पांव’सा वाटला. गोव्यांत ‘पादेरू’चा पोदेर झाला आणि त्याच्या पाटींतून पाव घरोघर गेला. तिकडे जपान्यांनीं तोच शब्द ऐकला आणि ‘पान’ असा ठेवून घेतला. आजहि तेथें पावाला पानच म्हणतात. पावाचें पीठ पायांनीं तुडवीत म्हणून तो पाव, किंवा एका मोठ्या लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, असें आपल्याकडे पुष्कळ लोक ठासून सांगतात. मींहि वर्गांत सांगत असें. जपानांत पायाला पाव म्हणत नाहींत आणि चतुर्थांशालाहि म्हणत नाहींत, एवढें ध्यानांत घेतलें असतें तरी ही कथा उभी राहती ना.

लॅटिन ‘पानिस’ची आणखी एक शाखा आपल्या इतिहासांत घुसली आहे. ‘कॉम’ म्हणजे सह, ‘पानिस’ म्हणजे भाकरी. ज्याच्याबरोबर भाकरी खावी तो ‘कंपॅनियन’, आणि अशा सहभोजी मंडळींचा मेळा ती ‘कंपनी’. ज्या कंपनी सरकारानें पेशवाई बुडविली, तिच्या नांवांतच भाकरी होती! पंडित ह्या ‘पानिस’चा संबंध पोसणें, राखणें ह्या अर्थाच्या धातूशीं जोडतात. आपल्याकडील गोप, भूप, नृप ह्यांतला ‘पा’ तोच. आपल्या धातुपाठांत पिणारा पा आणि राखणारा पा हे दोन वेगळे सांगितले आहेत, तें उगीच नव्हे.

पोलिश भाषेंत ‘पान’ म्हणजे श्रीयुत, आणि ‘पानी’ म्हणजे बाईसाहेब. ही गोष्ट दूरची वाटेल. पण कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ ह्या काळांत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायकामुलेंच अधिक. एकमेकांस आदरानें हांक मारण्याची त्यांची रीत हीच. शेजारच्या एखाद्या हिंदी जाणणाऱ्या मनुष्यास ह्या बायका सारखें पाणी कां मागतात, असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

ग्रीकांचें ‘पान’ म्हणजे सर्व. २०२० सालीं ज्या ‘पँडेमिक’नें आपणां सर्वांस घरांत कोंडलें, त्याचा अर्थ सर्व जनांना व्यापणारी सांथ. त्यांच्या पुराणांत बकऱ्याच्या पायांचा एक रानदेव आहे, त्याचेंहि नांव पान. तो सर्व देवांना आवडला म्हणून पान, अशी व्युत्पत्ति प्राचीन ग्रीकांनींच दिली आहे. ती मला आपल्या पायांनीं तुडविलेल्या पावाच्याच जातीची वाटते. त्याच्यामुळें कळप अकस्मात् बिथरतात अशी समजूत होती, म्हणून त्या घबराटीस ‘पॅनिक’ म्हणूं लागले. आयकर खात्याच्या ‘पॅन’ कार्डाचा मात्र ह्या देवाशीं संबंध नाहीं. तीं इंग्रजी आद्याक्षरें आहेत.

गोव्याचे पंडित सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो ह्यांनीं आशियांतील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ मध्यें एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी भाषांतर निवृत्तीनंतर माझ्या हातीं आलें, आणि त्याच्या मागानें जातां जातां जपानी पान मला भेटलें. पुस्तक तेथेंच मिटलें. जो विषय मीं तीस वर्षें शिकविला, त्यांतली एक गोष्ट त्या खलाशाला ठाऊक होती, त्याच्या मुलाला ठाऊक होती, आणि मला नव्हती. आणि वर्ग हंसला होता तो माझ्या सांगण्यावरून.

गेल्या वर्षीं मी त्या गांवीं जाऊन आलों. घराला कुलूप होतें. मुलगाहि वडिलांप्रमाणें जहाजावर लागला असून दिवाळीला येतो, असें शेजारच्या आजीबाईंनीं सांगितलें. त्यांच्याजवळ मीं एक चिठ्ठी ठेवली आहे. उत्तर बरोबर होतें, एवढेंच तींत लिहिलें आहे, आणि खालीं माझा पत्ता.