बायबलची यादी कुणी ठरवली?

आज एक साधा वाटणारा प्रश्न. बायबलमध्ये पुस्तकं किती? कॅथलिक मित्र सांगेल 73, प्रोटेस्टंट मैत्रीण सांगेल 66. नवा करार दोघांचाही सेम, 27 पुस्तकांचा. फरक सगळा जुन्या करारात.

आता चला 1519 च्या जर्मनीत. लाइपझिगला मार्टिन लूथर आणि योहान एक यांचा जाहीर वाद चाललाय. (‘एक’ हे आडनाव आहे बरं का!) मृतांसाठी प्रार्थना करावी याला एकने आधार दिला मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा. लूथर म्हणाला, हे पुस्तक प्रमाण यादीतलं नाहीच. याच वादात एकने विषय यान हुसवरही नेला. हुसला 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने दोषी ठरवलं आणि त्याला जिवंत जाळलं गेलं. तरीही लूथर बोलून गेला, की परिषदाही चुकू शकतात. डेअरिंग बघा!

पण मग यादी आली कुठून? बायबलच्या आत ती कुठेच नाही. कॅथलिक म्हणतात, चर्चने ठरवली, 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पक्की केली. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चने फक्त ओळखली. सोनार सोनं पारखतो, बनवत नाही. मला हा मुद्दा दमदार वाटतो. पण सोनारच चुकू शकत असेल, तर भरवसा कशावर ठेवायचा? इथे कॅथलिक बाजू मला जड वाटते.

आणि गंमत म्हणजे, लूथरने 1534 च्या आपल्या बायबलमधून ही पुस्तकं काढली नाहीत. दोन करारांच्या मध्ये ठेवली. वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, असं सांगून.