नळ रोज येत नाही अशा शहरातला पहिला फिश टँक

आजचा भाग आहे पहिल्या फिश टँकबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, म्हणजे दिवसभर स्क्रीन बघणारा माणूस. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना वाटतं की घरात एक टँक असावा, संध्याकाळी समोर बसावं, डोकं शांत व्हावं. इच्छा चांगली आहे. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरात टँक घ्यायचा म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "इथं माणसांना पाणी मिळेना, अन् तुला माशांचे लाड सुचतायत?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पाणी येतं पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून. फारोळ्याला शुद्ध होतं, मग शहरात पोहोचतं. मधल्या दिवसांत हौद, ड्रम, बोअर, नाहीतर टँकर. तर माशांना खरंच किती पाणी लागतं, आधी तो हिशोब करू.

पहिला टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्या. सेंटिमीटरमध्ये साधारण ६० बाय ३० बाय ३०, म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटर धरा. एकदा भरला की दर आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदलायचं. म्हणजे ११ लिटर, पाऊण बादली. काढलेलं पाणी फेकायचं नाही, कुंड्यांना घालायचं. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतच. तुळशीला, मोगऱ्याला तसंही पाणी घालताच ना? तेच पाणी आधी टँकमधून फिरून येतं, एवढंच. हे घरच्यांना सांगा, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

काचेचा गोल बाऊल मात्र घेऊ नका. "जागा कमी लागते, पाणी कमी लागतं" म्हणून लोक तो घेतात. पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं आणि लवकर तापतं. नवीन माणसाला मोठा टँक सोपा जातो.

आता मुख्य मुद्दा. नवीन टँकमधले मासे बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच का मरतात?

मासे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनिया. हे विष आहे. नदीत, तळ्यात काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टँक आणि दहा मासे एकाच दिवशी आणले, तर ते मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरतात. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, म्हणून कारण कळत नाही. घरातलं लहान मूल विचारतं, "मासा का मेला?" आणि आपण म्हणतो, "दुकानदाराने आजारी दिला असेल."

आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट लाइव्ह जाऊ नका. टँक भरा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, मासे मात्र सोडू नका. ते खाणं कुजेल, अमोनिया तयार होईल, जिवाणू वाढतील. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं, ते घ्या. दोन्ही आकडे वाढून परत शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की टँक तयार. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, बराच वेळ वाचतो. विरजणासारखंच आहे हे.

आता पाणी कुठलं वापरायचं? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांचे कल्ले जाळतं, जिवाणूही मारतं. म्हणून नळ आला की लगेच टँकमध्ये ओतायचं नाही. बादलीत, झाकण न लावता, एक दिवस ठेवा, किंवा दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात ते मोजून घाला. इथे आपल्या शहराची अडचण कामाला येते बघा. पाणी साठवायची सवय आपल्याला आहेच, त्यात माशांची एक बादली वेगळी ठेवायची. साबणाची नको, फक्त माशांची.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे रमत नाहीत. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र जड पाणी मानवतं. किचनच्या आरओमधून पिण्यासाठी जे पाणी येतं त्यात क्षार फार कमी, नुसतं तेच वापरू नका. आणि आरओचं वाया जाणारं पाणी तर क्षारांनी आणखी जड झालेलं असतं, तेही नको. टँकरचं पाणी दर वेळी वेगळं असू शकतं. किटने तपासा, थोडं थोडं घाला.

पहिले मासे म्हणून माझं मत गप्पीला. हो, तेच गप्पी मासे, जे हिवताप विभागवाले डासांच्या अळ्या खायला डबक्यात सोडतात. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण इतके चिवट की आपल्याकडच्या डबक्यातही तगतात. सहा नर घ्या. जोड्या घेतल्यात तर मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि बघता बघता टँक भरतो. सहाही एकदम सोडू नका, आधी तीन, दोन आठवड्यांनी तीन. पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग मासे सोडा.

"काच साफ करतो" म्हणून सकर मासा गळ्यात मारतात. तो फूटभराहून मोठा होतो. मग लोक तो तलावात नेऊन सोडतात. उजनी धरणात हे सकर सापडतात आणि मच्छिमारांची जाळी फाटतात. सलीम अली सरोवर असो की हर्सूलचा तलाव, टँकमधला कुठलाही मासा बाहेर सोडायचा नाही. नको झाला तर दुकानात परत द्या.

आता आपला उन्हाळा. या माशांना २४ ते २८ अंश बरं वाटतं. मे महिन्यात बाहेर पारा चाळीशी ओलांडतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. टँक खिडकीपासून दूर ठेवा, झाकण काढून वर जाळी टाका, पाण्यावर छोटा पंखा लावा. दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी तर अजिबात नको. डिसेंबरच्या रात्री उलटं, तेव्हा ५० वॅटचा हीटर लागतो.

लाइट गेली तर? हवेचा पंप फक्त तीन-चार वॅटचा असतो, तो इन्व्हर्टरवर घ्या. फिल्टर कित्येक तास बंद राहिला तर जिवाणूही गुदमरतात. आणि स्पंज कधीच नळाखाली धुवायचा नाही. टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळायचा, मग ते पाणी कुंडीला.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. आजी-आजोबांना खास सांगून ठेवा, कारण "बिचारे उपाशी दिसतात" म्हणत तेच दिवसातून चार वेळा टाकतात.

तर मंडळी, मासे आणायच्या आधी पाण्याची सोय लावा. महिनाभर रिकामा टँक बघत बसायला पेशन्स लागतो, पाहुणे हसतात. हसू द्या. आठवड्याला पाऊण बादली आपण देऊ शकतो का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर बिनधास्त सुरू करा. तुमच्या भागात नळ किती दिवसांनी येतो आणि तुम्ही टँकचं पाणी कसं जमवता, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.