आधी कोण?

रेशनकार्ड मागायला गेलं की रहिवासी दाखला आणा म्हणतात, आणि दाखला मागायला गेलं की रेशनकार्ड. असा फेरा आपल्यापैकी अनेकांनी घातला असेल. संगणकाच्या प्रोग्राममध्येही तो पडतो.

मी नांदेडला प्रोग्रामिंग शिकवतो. लातूरकडच्या एका विद्यार्थिनीनं वडिलांसाठी आडतीचा हिशेब लिहायला घेतला होता. सोयाबीन किती क्विंटल दिलं, उचल किती घेतली, येणं किती. पावत्या पत्र्याच्या डब्यात पडून, आणि बाकी आडतदार सांगेल ती. तिनं भाषा निवडली ओकॅमल. १९९६मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतून आलेली ही फंक्शनल भाषा. तिच्यात फंक्शनही आकड्यासारखं एकाकडून दुसऱ्याकडे देता येतं.

तिनं प्रोग्रामचे दोन भाग, म्हणजे मॉड्यूल केले: 'शेतकरी' आणि 'पावती'. बाकी काढायला शेतकऱ्याला पावती हवी, नाव छापायला पावतीला शेतकरी हवा. ओकॅमलचा नियम असा, की ज्याच्यावर भिस्त ते मॉड्यूल आधी तयार हवं. इथं आधी कोण? संगणकानं साफ नकार दिला. दोन दिवस झगडून ती म्हणाली, "सर, वहीच बरी होती."

मी विचारलं, "तुमच्या गंजगोलाईत रस्ते किती मिळतात?"

"सोळा."

"ते एकमेकांना कुठं भेटतात?"

"गोलाईत." आणि ती हसली.

मग खातं क्रमांक, नाव, वजन, दर यांची मांडणी आम्ही 'मूळ' या तिसऱ्या मॉड्यूलमध्ये नेली. दोघंही त्याच्याकडे येतात, ते कुणाकडेच जात नाही. तरी एक गाठ उरली. पावतीवर मागील बाकी छापायची होती आणि ती काढतो 'शेतकरी'. तेव्हा पावतीनं शेतकऱ्याला हाक मारायची नाही. मुख्य प्रोग्रामनं बाकी काढणारं फंक्शनच छपाईच्या वेळी तिच्या हाती द्यायचं. गाठ सुटली.

एकमेकांवर अवलंबून असलेली मॉड्यूल एकाच फाइलीत लिहायची सोय ओकॅमलमध्ये आहे. पण फेरा मोडता येत असेल तर तो टिकवायचा कशाला?

प्रोग्राम चालला. डब्यातल्या पावत्या भरल्यावर आडतदाराच्या बाकीत ३४० रुपयांचा फरक निघाला. वडील पावत्या घेऊन गेले, आडतदारानं बेरीज पुन्हा केली आणि चूक मान्य केली. वही तिच्या घरी अजून आहे. आता ती संगणकाशी ताडून पाहतात.