मुदत संपली, नाव गेलं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आज सगळे कौतुकाचं बोलले. मी माझी एक चूक सांगणार आहे.

आपल्या सोसायटीची वेबसाइट आठवते ना? डॉट कॉमवाली. परदेशातली आपली मुलं त्यावर गणपतीचे फोटो बघायची. मागच्या वर्षी बी विंगमधल्या एका लेकीचा अमेरिकेतून फोन आला, "काका, साइट उघडतच नाही."

शोध घेतला. नावाची मुदत कधीच संपली होती. नियमाप्रमाणे आधी महिनाभर आणि मग आठवडाभर अगोदर सूचनेचे मेल येतात. ते आले होते, पण माझ्या जुन्या ई-मेलवर. फोन बदलल्यापासून मी तो उघडलाच नव्हता. बँकेत आयुष्यभर ग्राहकांना सांगत आलो, पत्ता बदलला की कळवा. आणि मीच कळवला नाही!

मुदत संपल्यावरही नाव लगेच जात नाही. कंपनीप्रमाणे जास्तीत जास्त 45 दिवस नेहमीच्या फीमध्ये नूतनीकरण होऊ शकतं. पुढचे 30 दिवस दंड भरून सोडवता येतं. त्यानंतरचे 5 दिवस मात्र मूळ मालकालाही हात लावता येत नाही. मला जाग आली ती नेमकी त्या 5 दिवसांत.

म्हटलं, ठीक आहे, मोकळं झालं की पुन्हा घेऊ. नातवाला घेऊन रात्री जागत बसलो. तो म्हणाला, "आजोबा, गेलं!" अशी नावं टिपण्यासाठी कंपन्या कॉम्प्युटर लावून बसलेल्या असतात. नाव सुटताक्षणीच उचलतात. तिथे आपल्या दोन बोटांच्या टायपिंगचा काय निभाव लागणार? आता त्या पत्त्यावर 'विकणे आहे' अशी पाटी आहे, आणि किंमत डॉलरमध्ये.

बँकेत खातं 10 वर्षं पडून राहिलं, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण तिथूनही खातेदाराला किंवा वारसाला ते परत मागता येतात. इथे तसं नाही. आपण नावाचे मालक नसतोच, भाडेकरू असतो. एका वेळी फार तर 10 वर्षांचं भाडं भरता येतं.

फोटो सुखरूप आहेत, सी विंगमध्ये एकांनी उतरवून ठेवले होते. त्यांचे आभार. आता आपण डॉट इनचं नवं नाव घेतलंय. ते कुणा व्यक्तीच्या नव्हे, सोसायटीच्या नावावर आहे. सूचना ऑफिसच्या ई-मेलवर येतील, आणि पासवर्ड सेक्रेटरी व खजिनदार दोघांकडे राहील. माझी कमिटीला विनंती आहे, की लिफ्टच्या देखभाल करारासारखी या मुदतीचीही नोंद दरवर्षी वार्षिक सभेत व्हावी.

त्या लेकीला नवा पत्ता कळवला. तिचं उत्तर आलं, "काका, आमच्या लहानपणीचे फोटो दिसले." तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

चूकभूल द्यावी घ्यावी.